मुक्काम वाढवावा, पण मुदत ठरवून

आपल्या विद्यालयाच्या वसतिगृहात वाढलेली मुले-मुली आज पुणे, मुंबई, नागपूर यांच्या पलीकडे लंडन, मँचेस्टर, बर्लिन, न्यूयॉर्क येथील विद्यापीठांत शिकत आहेत, ही या स्मरणिकेत अभिमानाने नोंदवावी अशी गोष्ट आहे. त्या अभिमानात आम्ही सारे माजी विद्यार्थी सहभागी आहोतच. मात्र एक विसंगती आम्हांस जाणवते. विद्यार्थी निघतो तेव्हा आपण सत्कार करतो, विहारात वंदना होते, विमानतळावर निम्मे गाव निरोप द्यायला जाते. तोच विद्यार्थी वर्ष-दोन वर्षांनी अभ्यासक्रम संपवून परक्या शहरातील भाड्याच्या खोलीत बसून ‘येथेच आणखी राहू की परत जाऊ’ असा विचार करीत असतो, तेव्हा त्याच्याशी बोलायला मात्र कोणी नसते. जे बोलतात, ते बहुधा आपला निर्णय आधीच करून बोलतात. म्हणून या प्रश्नाचा सविस्तर विचार येथे मांडण्याचे आम्ही योजिले आहे.

आमचे मत प्रारंभीच सांगतो. अभ्यासक्रम संपल्यावर परदेशातील मुक्काम वाढविणे हा समाजद्रोह नाही, आणि तो स्वयमेव पराक्रमही नाही. ज्या कामासाठी माणूस गेला ते काम पुरे होण्यास अधिक काळ लागत असेल, तर मुक्काम अवश्य वाढवावा. परंतु त्या वाढीला हेतू हवा, मुदत हवी, आणि ती मुदत घरच्यांना व आपल्या माणसांना माहीत हवी. त्याचबरोबर जे त्याला ‘परत ये’ म्हणतात, त्यांनी परतण्याजोगी जागा तयार ठेवण्याचे दायित्वही पत्करले पाहिजे.

प्रथम हा निर्णय कोणत्या परिस्थितीत घ्यावा लागतो ते पाहू. कारण पुष्कळ पालकांना त्याची कल्पना नसते. ब्रिटनमधील पदव्युत्तर अभ्यासक्रम साधारणतः एका वर्षाचा असतो. सप्टेंबरच्या सुमारास प्रबंध सादर होतो, निकाल नोव्हेंबर-डिसेंबरात लागतो, आणि विद्यार्थी व्हिसाची मुदत अभ्यासक्रमानंतर सुमारे चार महिन्यांनी, म्हणजे जानेवारीच्या आसपास संपते. या अल्प काळातच सारे ठरवायचे असते. जुलै २०२१ पासून तेथे ‘ग्रॅज्युएट व्हिसा’ सुरू झाला. पदवीनंतर दोन वर्षे, आणि पीएच.डी.नंतर तीन वर्षे, नोकरी करीत किंवा शोधीत राहण्याची मुभा तो देतो. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्या पदवी व पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी ही मुदत दोन वर्षांऐवजी १८ महिने होत आहे. अर्ज त्या देशात असतानाच, विद्यार्थी व्हिसाची मुदत सरण्यापूर्वी आणि विद्यापीठाने अभ्यासक्रम पूर्ण झाल्याचे सरकारला कळविल्यानंतर करावयाचा असतो. अर्जाच्या शुल्काखेरीज आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड या दराने संपूर्ण मुदतीसाठी एकरकमी भरावा लागतो. हा व्हिसा पुढे वाढविता येत नाही. तो संपला की दुसऱ्या प्रकारच्या, बहुधा नोकरी देणाऱ्या संस्थेने पुरस्कृत केलेल्या, व्हिसावर जावे लागते. अन्यथा परतावे लागते. अमेरिकेत पदवीनंतर १२ महिने आपल्या विषयात काम करता येते, आणि विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी व गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. जर्मनीत नोकरी शोधण्यासाठी १८ महिने मिळतात. तात्पर्य, प्रत्येक देशाने मुक्कामाला आपल्या सोयीची मर्यादा घातली आहे. ती मर्यादा त्या देशाची असते. आपल्या जीवनाची मर्यादा ठरविण्याचे काम आपल्यालाच करावे लागते.

या वेळी विद्यार्थ्याच्या कानी दोन आवाज पडतात. एक म्हणतो, ‘आता परत कशाला येतोस? इथे काय ठेवले आहे? तिकडेच बस्तान बसव.’ दुसरा म्हणतो, ‘बाबासाहेबांमुळे तू शिकलास, समाजाचे ऋण फेडायला ताबडतोब परत ये.’ पहिल्या आवाजात आपल्याच भूमीविषयीची निराशा असते. दुसऱ्यात तत्त्व खरे असते. परंतु ते ज्या रीतीने सांगितले जाते त्यात अन्याय असतो. ज्या वर्गांतील मुले तीन-चार पिढ्या परदेशी जात आली, त्यांना असा जाब कोणी विचारीत नाही. पहिल्याच पिढीच्या मुलाने मात्र पदवीचा कागद वाळण्यापूर्वी समाजाचे सारे देणे चुकते करावे, अशी अपेक्षा होते. आम्ही ऋण नाकारीत नाही. ते केव्हा व कोणत्या स्वरूपात फेडावे, याचा विचार ऋणकोला करू द्यावा, इतकेच आमचे म्हणणे आहे.

ज्यांचे नाव घेऊन हा आग्रह धरला जातो, त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्याच विद्यार्थिदशेकडे पाहावे. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ च्या जुलैमध्ये न्यूयॉर्कला पोहोचले. शिष्यवृत्ती तीन वर्षांची होती, आणि शिक्षणानंतर दहा वर्षे बडोदा संस्थानची सेवा करण्याचा करार होता. कोलंबिया विद्यापीठात त्यांनी १९१५ मध्ये एम.ए. पदवी मिळविली व पुढील संशोधन चालविले. १९१६ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली, तेव्हा त्यांनी परतीची बोट न धरता मुदतवाढ मागितली, आणि तेवढ्या बळावर ते लंडनला गेले. तेथे अर्थशास्त्राचा व बॅरिस्टरीचा अभ्यास एकदमच आरंभिला. मुदतवाढ एका वर्षाचीच मिळाली. १९१७ च्या उन्हाळ्यात ती सरली आणि अभ्यास अर्धा टाकून त्यांना परतावे लागले. निघण्यापूर्वी मात्र त्यांनी एक गोष्ट आठवणीने केली. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने लंडन विद्यापीठाकडून, चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी मिळविली.

पुढील इतिहास आपणांस ज्ञात आहे. मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात १९१८ पासून १९२० पर्यंत अध्यापन करून त्यांनी पैसे साठविले. छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य आणि कोलंबियातील पारशी मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज यांची त्यात भर पडली, आणि १९२० च्या जुलैमध्ये, परवानगीची चार वर्षे सरण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद त्यांनी मिळविली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधात परीक्षकांनी फेरबदल सुचविले तेव्हा हाताशी पैसा उरला नव्हता. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईस परतले, प्रबंध येथूनच सुधारून पाठविला आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी मिळाली.

या दहा वर्षांतून आम्हांस जे दिसते ते असे. बाबासाहेबांनी मुक्काम वाढवून मागितला, आणि तो मागण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही. ती मागणी ठरावीक कामासाठी होती. मुदत नाकारली गेली तेव्हा ते परतले. पण परततानाच पुन्हा जाण्याचे दार उघडे ठेवले. अखेरचे काम मायदेशी बसून करता येण्याजोगे होते, तेव्हा ते मायदेशी बसूनच केले. म्हणजे राहणे, परतणे, पुन्हा जाणे व पुन्हा परतणे या साऱ्यांना त्यांनी एकाच कसोटीवर घासले : हाती घेतलेले काम पुरे होण्यास कोणते पाऊल आवश्यक आहे? आजच्या विद्यार्थ्यालाही आम्ही हीच कसोटी सुचवू. पदवी मिळाली, परंतु त्या विषयातील प्रयोगशाळेचा, न्यायालयाचा, रुग्णालयाचा वा वृत्तसंस्थेचा अनुभव नसेल, तर दोन वर्षे राहून तो घेणे हा शिक्षणाचाच उत्तरार्ध होय. पीएच.डी.साठी प्रवेश मिळण्याची खरी शक्यता असेल, तर थांबणे योग्यच. शिक्षणाचे कर्ज रुपयांतील पगारातून फिटणार नसेल, तर ते फिटेपर्यंत थांबण्यातही गैर काही नाही. परंतु ‘सारेच राहतात म्हणून मीही राहतो’ हे उत्तर त्या कसोटीवर टिकत नाही.

आता दुसरी बाजू. १९१७ मध्ये परतलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात काय मिळाले? करारानुसार ते संस्थानच्या सेवेत रुजू झाले. कोलंबियात शिकून आलेल्या या विद्वानाला त्या शहरात राहावयास खोली मिळेना. एका पारशी सरायीत नाव लपवून त्यांना राहावे लागले, आणि जात कळताच तेथूनही बाहेर काढण्यात आले. कार्यालयातील शिपाई त्यांच्या मेजावर कागद दुरून टाकीत. काही दिवसांतच त्यांना बडोदे सोडावे लागले. शिष्यवृत्ती देणारा राजा उदार होता, करार स्पष्ट होता आणि परतणारा प्रामाणिक होता. तरीही परतणे फसले, कारण परतणाऱ्याला सामावून घेणारी जागाच कोणी तयार केली नव्हती. या प्रसंगाकडे आपण जातीय छळाचा पुरावा म्हणून पाहतो, ते उचितच आहे. पण ‘परत ये’ म्हणणाऱ्या प्रत्येकासाठी त्यात आणखी एक धडा आहे, असे आम्हांस वाटते.

याच्या उलट उदाहरणही त्याच सयाजीराव महाराजांचे आहे. गोव्यातून निघून श्रीलंका व ब्रह्मदेश येथे बौद्ध धम्माचा आणि पालीचा अभ्यास करून आलेले धर्मानंद कोसंबी कलकत्त्यास अध्यापन करीत होते. महाराष्ट्रात राहून काम करावे ही त्यांची इच्छा होती. परंतु साधन नव्हते. महाराष्ट्रात कोठेही राहावे आणि वर्षाला एक पुस्तक संस्थानसाठी लिहून द्यावे, एवढ्याच अटीवर महाराजांनी त्यांना दरमहा ५० रुपयांचे वेतन देऊ केले. कलकत्त्याचे अधिक वेतन सोडून कोसंबी पुण्यास आले. पुढे ते हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’च्या संपादनासाठी गेले, १९१२ मध्ये परतून फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवू लागले, आणि त्यानंतरही हार्वर्डला अनेकदा जाऊन आले. एका विद्वानाला मायभूमीशी बांधून ठेवण्यास दरमहा ५० रुपये व एक स्पष्ट काम पुरले. आपण आपल्या मुलांसमोर व्याख्यान ठेवतो. काम ठेवतो का?

मुक्काम वाढविण्याच्या निर्णयाला आमचा पाठिंबा असला, तरी त्यातील एका धोक्याविषयी बोलणे भाग आहे. पुष्कळ मुक्काम ठरवून वाढत नाहीत. ते नुसते लांबत जातात. नोकरीचे अर्ज नाकारले जातात, घरभाडे थांबत नाही, म्हणून गोदामात रात्रपाळी किंवा खाद्यपदार्थ पोहोचविण्याचे काम धरले जाते. श्रमात लाज नाही. आपल्या आई-बापांनी याहून कठोर श्रम केले आहेत. परंतु रात्रपाळीनंतर अर्ज लिहिण्याची शक्ती उरत नाही, विषयाशी संबंध सुटत जातो आणि सहा-सहा महिने करीत मुदत संपते. तेव्हा रिकाम्या हाताने परतण्याची लाज वाटते; ती लाज घरी सांगता येत नाही, म्हणून ‘सगळे छान आहे’ असे दूरध्वनीवर सांगितले जाते. यातून बाहेर पडण्याचा मार्ग एकच : राहण्याचा निर्णय घेतानाच परतण्याची तारीख आणि त्या तारखेपर्यंत साधावयाची गोष्ट लिहून ठेवणे. ‘अमुक महिन्यापर्यंत माझ्या विषयातील काम मिळाले नाही, तर मी परतेन’ हे वाक्य आधीच घरच्यांना सांगितलेले असेल, तर परतणे हा पराभव ठरत नाही. तो ठरलेला कार्यक्रम ठरतो.

बौद्ध परंपरेला ही कल्पना नवी नाही. सदैव चारिका करणाऱ्या भिक्षूंसाठीही वर्षावासाची योजना होती : तीन महिने एका ठिकाणी स्थिर निवास, अध्ययन व साधना. त्या निवासाला आरंभ होता तसा शेवटही होता. शेवटी पवारणा होई आणि आपल्या वर्तनात काही दोष पाहिला, ऐकला वा शंकिला असल्यास सांगावा, अशी विनंती प्रत्येक भिक्षू संघाला करी. विनयातील आणखी एक तरतूद आम्हांस फार मोलाची वाटते. वर्षावास चालू असतानाही आई किंवा वडील आजारी असल्याचे कळले, तर बोलावणे आले नसले तरी सात दिवसांच्या आत परतण्याच्या बोलीने भिक्षूला जाता येत असे. स्थिर निवासाचा नियम पाळणाऱ्या संघानेही आई-बापांना विसरावे असे म्हटले नाही. परदेशातील आमच्या भावंडांनी मुक्काम वाढविताना या तीन गोष्टी घ्याव्यात : निवासाला शेवट असावा, शेवटी आपल्या माणसांसमोर हिशेब मांडावा, आणि मध्यंतरी आई-बापांसाठी येण्याइतके पैसे व रजा राखून ठेवावी.

शासकीय शिष्यवृत्तीवर गेलेल्यांनी आणखी एक भान ठेवले पाहिजे. महाराष्ट्र शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीच्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी वर्षाला अवघ्या ७५ जागा आहेत. एक जागा आपल्याला मिळते तेव्हा ती कोणा दुसऱ्या पात्र विद्यार्थ्याला मिळालेली नसते. म्हणून करारपत्रातील अटी निघण्यापूर्वी वाचाव्यात व त्यांची प्रत घरी ठेवावी. ब्रिटनमध्ये तर मागील १२ महिन्यांत शिक्षणशुल्क व निर्वाह हे दोन्ही खर्च एखाद्या सरकारने केले असतील, तर ग्रॅज्युएट व्हिसासाठी त्या सरकारचे लेखी संमतिपत्र जोडावे लागते. हे पत्र शेवटच्या आठवड्यात मिळत नाही. त्यासाठी निकालाची वाट न पाहता आधीपासून पत्रव्यवहार करावा. अटींना बगल देऊन राहिलेला एक विद्यार्थी, नंतर येणाऱ्या अनेकांच्या वाटेत संशय पेरून जातो.

पालकांनाही आमचे दोन शब्द सांगणे आहे. पहिला असा की, मुक्काम वाढला याचा अर्थ पैशांचा ओघ सुरू झाला असा नव्हे. पहिल्या वर्षी भाडे, कर व व्हिसाचे खर्च भागवून हाती फारसे उरत नाही. शैक्षणिक कर्जाची हप्तेफेड अभ्यासक्रमानंतर साधारणतः सहा महिने ते वर्षभरात सुरू होते, हे ध्यानात घेऊनच घराची दुरुस्ती व बहिणीचे लग्न यांचे बेत आखावेत. दुसरा शब्द मुलींविषयी. मुलाला ‘आणखी दोन वर्षे राहा, नाव काढ’ असे सांगणारे घर मुलीला मात्र ‘पदवी झाली, आता परत ये, स्थळे येत आहेत’ असे सांगते, हे आम्ही पाहिले आहे. जी कसोटी मुलाला लावाल, तीच मुलीला लावा. तिचे काम पुरे झाले का, एवढेच विचारा. सावित्रीमाई आणि बाबासाहेब यांच्या प्रतिमा ज्या भिंतीवर शेजारी-शेजारी आहेत, त्या भिंतीखाली दोन न्याय शोभत नाहीत.

राहता राहिले आपले, म्हणजे माजी विद्यार्थ्यांचे व समाजबांधवांचे काम. आमच्या सूचना साध्या आहेत. प्रत्येक परदेशस्थ विद्यार्थ्यामागे येथील एका माजी विद्यार्थ्याने उभे राहावे, आणि अभ्यासक्रम संपण्याच्या चार महिने आधी त्याच्याशी निवांत बोलावे. उपदेश करण्यासाठी नव्हे, ऐकून घेण्यासाठी. परतणाऱ्याला पहिले सहा महिने उभे राहता येईल असा एक छोटा निधी माजी विद्यार्थ्यांनी उभारावा. आपल्या ओळखीच्या महाविद्यालयांत, संशोधन संस्थांत, वकिलांच्या कार्यालयांत व उद्योगांत कोणत्या जागा आहेत, याची यादी करून ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी. जे राहणार आहेत, त्यांच्याकडेही ठरावीक काम मागावे : वर्षातून एकदा आपल्या दहावीच्या मुलांना इंग्रजी वा विज्ञान शिकविणे, पुढील अर्जदारांची उद्दिष्टपत्रे तपासून देणे, नव्याने येणाऱ्या विद्यार्थ्याला पहिला आठवडा आपल्या खोलीत थारा देणे. ऋण फेडण्यासाठी विमानाचे तिकीट दर वेळी लागतेच असे नाही.

हे सारे झाले तर ‘केव्हा परत येणार?’ या प्रश्नातील जाब निघून जाईल. आम्ही त्या जागी दुसरा प्रश्न ठेवू इच्छितो : ‘तुझे काम कोठवर आले, आणि आम्ही काय करू?’ सप्टेंबरात प्रबंध सादर करून जानेवारीची तारीख मोजीत बसलेल्या मुलाला वा मुलीला घरून आणि या विद्यालयातून हा प्रश्न ऐकू आला, तर राहण्याचा असो वा परतण्याचा, तो निर्णय भीतीपोटी घेतला जाणार नाही. यंदाच्या हिवाळ्यातही आपल्यापैकी काही जण त्या खोलीत बसलेले असतील. त्यांना या आठवड्यातच दूरध्वनी करावा, ही सर्व वाचकांस आमची विनंती.